हातात पैसा नसला की तुम्ही स्वतःला काय सांगता?

वहीखाते

परवा तिस्कावरून घरी येताना स्कूटरवर मी मोठ्याने बोललो, "पगार अडकलाय, बुडालेला नाही." शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने वळून बघितलं. तेव्हा कुठे लक्षात आलं की हे वाक्य मी गेले पंधरा दिवस रोज म्हणतोय, फक्त आवाज त्या दिवशी पहिल्यांदा फुटला.

मी फोंड्याला बांधकामाच्या सामानाच्या दुकानात हिशेब लिहितो. मालकाची बिलं कंत्राटदारांकडे अडकली आहेत, त्यामुळे आमचा पगार दोन महिने अर्धा येतोय. मालक वाईट नाही, तोही स्वतःशी काहीतरी बोलतच असणार. दिवसभर मी दुसऱ्यांचं येणं-देणं मांडतो आणि संध्याकाळी माझं स्वतःचं मांडायला बसलो की पेन चालत नाही.

यंदा मोठ्या मुलीची पहिली चवथ. मे महिन्यात लग्न झालं. म्हणजे वजें पाठवायला हवं. (गोव्याबाहेरच्यांसाठी: लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेराहून मुलीच्या सासरी नेवऱ्या, लाडू, नारळ, फळं, भाज्या वगैरे जातात. सासरची माणसं ती वाड्यावर वाटतात. म्हणजे वजें किती आलं ते अख्ख्या वाड्याला कळतं.)

आमच्या फ्रिजवर एक स्टीलचा डबा आहे, पूर्वी त्यात चकल्या असायच्या. आता पाच पाकिटं आहेत, लग्नात आहेर आलेली रिकामी पाकिटं, वर गणपतीचं चित्र. वीज, गॅस, औषध, चवथ, वजें. गेल्या आठवड्यात विजेचं बिल १३४० आलं आणि विजेच्या पाकिटात होते ५००. चवथीच्या पाकिटातून ८४० काढले आणि तिथे चिठ्ठी ठेवली: "विजेकडून चवथीला येणे ८४०." खाली तारीख. त्याखाली सही! सही कुणासाठी केली देव जाणे. पैसे तेवढेच, ऋणको मीच, सावकारही मीच. तरीही झोप बरी लागली.

म्हणून हा धागा. तंगीत तुम्ही स्वतःची समजूत कशी काढता? सल्ले नकोत, वाक्यं हवीत.

रोखठोक

सल्ले नकोत म्हणालात तरी देतो. स्वतःशी बोलून वीजबिल भरलं जात नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. सरळ खर्च कापा. वजें ही कायद्याने सक्तीची गोष्ट नाही.

वहीखाते

@रोखठोक, कायदा तुमच्या बाजूने आहे. माझी बहीण नाही.

ऑफसीझन

काका, भारी धागा. मी कळंगुटच्या बाजूला हॉटेलात. पावसात आमचा सर्व्हिस चार्ज जवळजवळ शून्य होतो, म्हणजे हातात येणारा पगार निम्मा. आमच्या स्टाफ क्वार्टरमधलं वाक्य: "ऑक्टोबर आला की सगळं क्लिअर." जूनमध्ये घेतलेला बूट ऑक्टोबर फेडणार, जुलैतला मोबाइल ऑक्टोबर फेडणार, रूममेटच्या वाढदिवसाचा केकसुद्धा ऑक्टोबर फेडणार. बिचाऱ्या ऑक्टोबरला कोणी विचारलेलंच नाही.

माझं खास वाक्य मात्र दुसरं होतं: "मिनिमम भरलं ना, मग झालं." क्रेडिट कार्डाच्या बिलावर ती एक बारीक रक्कम असते. ती भरली की बँकेचा फोन येत नाही, आणि फोन आला नाही म्हणजे कर्ज नाही असं मला दीड वर्ष वाटत होतं. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाचे चाळीसच्या वर, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. हे मला मुळात एका गिऱ्हाइकाने बारवर बसून टिश्यू पेपरवर मांडून दाखवलं. टिप दिली नाही पण.

मुंबईतला_कोकणी

चवथ म्हणजे गणपतीच ना? आमच्याकडे सावंतवाडीला पण वजें असतं बहुतेक, आई 'ओझं' म्हणते. नाव अगदी योग्य आहे.

निवृत्त मास्तर

सत्तरी तालुक्यातून लिहितो. वहीखाते, तुमच्या चिठ्ठीवर हसू आलं, पण आपली भाषाच अशी चिठ्ठी लिहिते हे कधी ध्यानात आलंय का? माझी आजी घरातले तांदूळ "संपले" कधीच म्हणायची नाही. "तांदूळ वाढले" म्हणायची. बांगडी फुटली तर वाढवली, कुंकू पुसलं तर वाढलं. पाहुणा निघताना "जातो" म्हणाला तर ती त्याला उंबऱ्यावरून परत बोलावून "येतो" म्हणायला लावायची. लहानपणी मला ते खोटं वाटायचं. डब्याचा तळ दिसतोय आणि ही म्हणते वाढले! आता वाटतं, संपले म्हटलं की पाठोपाठ कुणीतरी विचारणार, मग आता काय? वाढले म्हटलं की तो प्रश्न उद्यावर जातो. तोवर ती शेजारी जाऊन शेरभर उसने आणायची.

दुसरं, पुरुमेंत. शब्द पोर्तुगिजांचा, गरज आपली. मे महिन्यात म्हापशाला आणि मडगावला पुरुमेंताची फेस्तं भरतात, तिथून पावसाळ्याची बेगमी व्हायची. सुकी मिरची, कांद्याच्या माळा, सोलं, मीठ, खारवलेली आंबुली, सुके बांगडे, सुंगटं. आमच्या घरी माळ्यावर एक मोठी बरणी होती. जुलैत चार-चार दिवस कामावर जाता येत नसे, वडिलांचा हात रिकामा. ते नुसते मान वर करून माळ्याकडे बघत आणि म्हणत, "पुरुमेंत आसा." आई त्या बरणीचं झाकण काढत नसे. मला फार उशिरा कळलं की आषाढ सरतासरता ती बरणी अर्धी रिकामीच असायची. वडिलांना माहीत होतं का? माहीत असावं. बरणी उतरवून बघितली मात्र कोणी नाही.

(अवांतर: सोमवारी मी मासे खात नाही, पण सुक्या बांगड्याची आठवण येण्याला वाराचं बंधन नाही.)

माटोळी

मास्तर +१. आमच्याकडे अजून मीठ संपलं म्हणत नाहीत. ऑनलाइन मागवताना मात्र ॲप बेधडक "स्टॉक संपला" म्हणतं.

डिचोलीकरीण

मी सहसा वाचून जाते, आज लिहिते.

खाणीवरचं खनिज वाहणारे आमचे दोन टिप्पर होते. दोन्ही कर्जावर. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. नवरा त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "दोन महिन्यांत सुरू होईल." हे वाक्य आमच्या घरात किती वर्षं राहिलं ते मी सांगते. २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून. प्रत्यक्ष खनिज हलायला २०१५ उजाडलं. तीन वर्षं होत नाहीत तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. त्या रात्री तो परत तेच म्हणाला, "दोन महिन्यांत सुरू होईल." मी ताटावरून उठून गेले.

एक टिप्पर घरामागे फणसाखाली उभा होता. रोज सकाळी नवरा चहाचा कप घेऊन त्याच्याभोवती एक फेरी मारायचा. पहिल्या वर्षी टायरांना हात लावून हवा बघायचा. दुसऱ्या पावसात केबिनमध्ये मुंग्यांनी घर केलं. मग टायर विकले, गाडी दगडांवर. शेजाऱ्याने विचारलं तर म्हणे, "गाडी उभी आहे, विकलेली नाही." अगदी तुमच्या 'बुडालेला नाही'सारखं. मला त्या 'नाही'चा राग येतो. टायर विकले तेव्हा जो भाव आला त्याच्या दुप्पट पहिल्या वर्षी येत होता. ते दोन महिने आम्हाला फार महाग पडले.

पण एक सांगते. ज्या दिवशी भंगारवाला आला आणि उरलेला सांगाडा नेला, त्या दिवसापासून नवरा चार महिने कुणाशी बोललाच नाही. वाक्य गेलं आणि माणूस बसला. आता साखळी गावात छोटं गॅरेज आहे, बरं चाललंय. पण तेव्हा ते वाक्य त्याला पुरत होतं की पोखरत होतं, हे मला अजून सांगता येत नाही.

रोखठोक

ताई, तुमचं वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ.

माझाही अनुभव सांगतो मग, ज्ञान पुरे. तीन वर्षांपूर्वी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. सोन्यावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ही मर्यादा बरीच वर्षं होती, तेवढं सगळं उचललं. बाहेर येऊन बायकोला काय म्हणालो असेन? "बरं झालं, लॉकरचं भाडं वाचलं. बँकेत आहे म्हणजे घरापेक्षा सुरक्षित." ती काही बोलली नाही. नंतर एका बारशाला तिने काचेच्या बांगड्या जरा जास्तच भरल्या होत्या, कोपरापर्यंत.

तर मीही बोलतो स्वतःशी. फक्त कबूल करत नव्हतो.

मनकवडा

इथे थोडं शास्त्र घुसडतो, माफी असावी. वहीखातेंच्या पाकिटांना अर्थशास्त्रात नाव आहे, मनातली खाती. पैसा सगळा सारखाच, तरी माणूस त्याला वेगवेगळ्या कप्प्यांत घालतो आणि कप्प्याबाहेर काढताना त्याला टोचतं. ही कल्पना रिचर्ड थेलर यांनी मांडली, त्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे काका, तुमच्या चकल्यांच्या डब्यात नोबेलचा विषय आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना उसाचे पैसे यायच्या आधी आणि आल्यावर डोकं चालवायच्या चाचण्या दिल्या. पैसे यायच्या आधी तीच माणसं कमी पडली. तंगी डोक्यात एवढी जागा अडवते की दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. त्यामुळे डिचोलीकरीणताई, "तेव्हाच का नाही विकला" हा प्रश्न आज सोपा वाटतो. तेव्हा तो डोक्यात मावतच नव्हता.

आणि बोलण्याबद्दल: मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की ताणाच्या वेळी माणूस "मी" न म्हणता स्वतःला नावाने किंवा "तू" म्हणून बोलला तर त्याला जास्त नीट सावरता येतं. "माझं कसं होणार" यापेक्षा "तुझं कसं होणार ते बघू या".

निवृत्त मास्तर

मिशिगनला कळवा, आमची आजी चुलीपुढे एकटी बसून स्वतःलाच "गो बाये, आतां कितें करतलें गो तूं?" म्हणायची. आम्हाला वाटायचं म्हातारी भ्रमिष्ट झाली.

ऑफसीझन

😂😂 आजी रॉक्स

पायीपायी

मी पिग्मी एजंट. नाव-गाव सांगत नाही, अर्धा बाजार ओळखेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पिग्मी म्हणजे रोज दुकानादुकानात जाऊन थोडे थोडे पैसे गोळा करायचे आणि खात्यात भरायचे. १९२८ मध्ये उडुपीला सुरू झालं, दिवसाला दोन आणे. आता कोणी ५० देतो, कोणी ५००. मी १४ वर्षं फिरतोय. लोक बायकोला सांगत नाहीत ते पिग्मीवाल्याला सांगतात, कारण मी रोज दारात उभा असतो आणि आत येत नाही.

मला ऐकू येणारी वाक्यं सांगतो. बरं चाललंय तो नुसते पैसे पुढे करतो, बोलत नाही, हातात फोन असतो. ओढाताण सुरू झाली की माणूस बोलायला लागतो. पहिल्या आठवड्यात, "आज सुट्टे नाहीत, उद्या दोन दिवसांचे घे." मग, "अरे तू आलास कधी, मी बघितलंच नाही." मग मी समोरून येताना दिसलो की तो मागच्या बाजूला काहीतरी शोधायला जातो. एक फूलवाली मात्र वेगळी. धंदा नसेल त्या दिवशी ती मला लांबूनच ओरडते, "आज ना रे, फाल्यां यो!" (उद्या ये) सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. तिचं खातं मुदतीआधी कधी मोडलं गेलं नाही. का ते मी सांगू शकत नाही, पण मोडणारे बहुतेक कुजबुजणारे असतात.

आणि मोडायला येतात तेव्हाचं वाक्य सगळ्यांचं एकच: "आपलेच पैसे, आपणच घेतोय." मुदतीआधी मोडलं की व्याज जातं, कधी वर थोडी कपातही होते. हे मी प्रत्येकाला सांगतो. त्या वेळी कोणी ऐकत नाही.

माटोळी

पायीपायी दादा, या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखुणेत टाकला.

वहीखाते

@पायीपायी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी फोन उलटा ठेवला. गेल्याच महिन्यात पिग्मी मोडली. अगदी तेच शब्द, "आपलेच पैसे." तुम्ही आमचेच एजंट नाहीत ना?

पायीपायी

नाही हो. पण असतो तरी नाहीच म्हणालो असतो.

रोखठोक

वहीखाते, एक विचारतो, राग मानू नका. पगार अर्धा येतोय, पिग्मी मोडली, हे घरी सांगितलंय का?

मुंबईतला_कोकणी

अवघड जागेचं दुखणं विचारलंत.

डिचोलीकरीण

मीही हेच विचारणार होते. आमच्याकडे आकडा मला कळला तो बँकेची नोटीस आली तेव्हा.

वहीखाते

(चार दिवसांनी) उत्तर टाळत होतो. नाही सांगितलं. पगाराची उरलेली अर्धी रक्कम मी पिग्मीतून भरून पूर्ण पगार म्हणून तिच्या हातात देतो. हिशेबनीसच मी, जुळवाजुळव येते. स्कूटरवर बोलतो कारण घरी बोलता येत नाही. हे इथे लिहिताना कळलं.

चवथ झाली की सांगतो.

ऑफसीझन

काका, "चवथ झाली की" म्हणजे आमचा ऑक्टोबर 🙂

माटोळी

काका, वज्याचं सांगू? आमच्या वाड्यावर हल्ली बऱ्याच घरांनी वजें परस्पर ठरवून कमी केलंय. पाच नारळ, पाच फळं, थोड्या नेवऱ्या, झालं. कोणाचं नाक कापलं गेलं नाही. पण सुरुवात मुलाकडच्यांनी करावी लागते. मुलीच्या बापाने केली तर लोक लगेच हिशेब मांडतात. आणि माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) सामान बाजारातूनच आणायला हवं असं कुठे आहे? आमचे बाबा अजून आदल्या दिवशी पहाटे रानात जातात. घागऱ्यो, कांगलां, जे मिळेल ते. बाजारात त्याच घागऱ्यांच्या जुडीला काय भाव लावतात ते बघून ते म्हणतात, "आज मी इतके पैसे कमावले." कमावले, वाचवले नाही हं.

मनकवडा

"कमावले" हे या धाग्यावरचं सर्वात स्वस्त आणि बिनधोक वाक्य आहे. जपून ठेवा.

वहीखाते

चवथ झाली. धागा उघडला मीच, म्हणून हजेरी लावतो.

चवथीआधी आठ दिवस विहीणबाईंचा फोन आला, बायकोला. म्हणाल्या, "नेवऱ्या पन्नासच पाठवा हो, इथे सगळ्यांना शुगर." बायकोने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "त्यांच्याकडे शुगर कोणाला नाही. लग्नात सगळे दोन-दोन वाट्या मणगणं खात होते." आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प. मग ती म्हणाली, "पोरीने सांगितलं असणार."

पोरीला कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. पन्नास पाठवल्या. बायकोने एकावन्न केल्या.

पगार या महिन्यात पाऊण आला. पाऊण म्हणजे वाढला असं मी स्कूटरवर म्हणालो, मग मास्तरांची आजी आठवून हसलो.

काल रात्री विजेचे पैसे ठेवायला डबा उघडला. चवथीच्या पाकिटात माझी चिठ्ठी तशीच होती. "विजेकडून चवथीला येणे ८४०", तारीख, सही. सहीखाली बायकोच्या अक्षरात, माझ्याच लाल पेनने: "व्याज ६० धरून ९००. मुदत दिवाळी. पिग्मीचं वेगळं बोलायचं आहे."

डिचोलीकरीण

म्हणजे तिला पहिल्या चिठ्ठीपासून माहीत होतं.

वहीखाते

हो. डबा ती रोज पुसते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पायीपायी

८४० वर दोन-अडीच महिन्यांचं ६० व्याज? आमची सोसायटी पण एवढं घेत नाही हो. वहिनींना वसुलीला माणूस हवा असेल तर सांगा.